गोळ्या चालू असताना जखम वाढली, आता?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मुलगा मेलबर्नला नोकरीला आहे. जानेवारीत मित्रांसोबत तिकडच्या समुद्रकाठच्या एका गावी जाऊन राहिला होता. जूनमध्ये घोट्याजवळ मच्छर चावल्यासारखी गाठ आली, मग ती फुटून जखम झाली. दुखत नव्हती, खाजत नव्हती, ताप नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी 'बुरुली अल्सर' सांगितलं आणि आठ आठवड्यांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांची नावं चौकातल्या मेडिकलवाल्याला दाखवली तर म्हणाला, 'काकू, रिफाम्पिसिन तर टीबीची नाही तर कुष्ठरोगाची गोळी असते.' शेजारच्या वहिनी म्हणाल्या, न दुखणारी जखम म्हणजे महारोगच. माझी झोप उडाली आहे. त्यात आता सहावा आठवडा चालू आहे आणि जखम भरायच्या ऐवजी सुजून मोठी झाली, वरून दुखायलाही लागली. माझे दीर म्हणतात औषध लागू पडत नाही, बंद कर आणि सरळ नागपूरला ये. आपल्या उन्हानेच बरी होईल. दिवाळीला तो येणारच आहे, पण घरात जावेची लहान नात आहे. त्याच्यासाठी मुली पाहणं चालू आहे, त्यांना काय सांगू? हळदीचा लेप, शेक, टीटीचं इंजेक्शन, काय करू? मला स्वतःला बीपी आहे, टेल्मिसार्टन चालू आहे, त्यात हे टेन्शन.
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर:

ताई,

आधी दिरांचं. गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही. आणि सूज, दुखणं वाढल्याचं त्याने तिथल्या डॉक्टरांना कळवलंय का, हे आज फोनवर विचारा. कळवलं नसेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. ताप असेल, लाली पायावर वर चढत असेल, पू आणि घाण वास येत असेल तर त्याच दिवशी दाखवावं. उघड्या जखमेत दुसरे जंतू शिरू शकतात आणि ते नागपुरात बसून मला कळणार नाही. पुढचं सगळं हे धरून वाचा.

मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. टीबी, कुष्ठरोग आणि बुरुली अल्सर या तिन्हींचे जंतू मायकोबॅक्टेरियम या एकाच कुळातले. रिफाम्पिसिन या कुळावर चालतं, म्हणून तिन्ही ठिकाणी ती गोळी दिसते. तुमच्या मुलाच्या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम अल्सरन्स. कुष्ठरोगाचा जंतू माणसाच्या नसांमध्ये शिरून राहतो, नस जाड होते, खराब होते आणि चट्टा बधिर पडतो. अल्सरन्सची तऱ्हा निराळी. तो कातडीखालच्या चरबीच्या थरात बसतो आणि तिथून एक विष सोडतो. जखम होते ती त्या विषाने. कुष्ठरोगाच्या जंतूकडे हे विष नाही.

पण वहिनींना एवढंही सांगा, की महारोग असता तरी आकाश कोसळलं नसतं. दत्तपूरचं कुष्ठधाम 1936 पासून वर्ध्याला आहे, वरोऱ्याजवळचं आनंदवन तर आपल्याकडे शाळेच्या सहलीला दाखवतात. ते पाहूनही विदर्भातला माणूस 'महारोग' शब्द ऐकला की ताट वेगळं काढायला निघतो, याची मला चीड येते. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि ते सुरू झालं की रुग्णापासून लागण होण्याचा धोका फार झटकन संपतो. असो.

आता त्या विषाकडे येते, कारण तुमच्या अर्ध्याअधिक प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

त्याचं नाव मायकोलॅक्टोन. 1999 साली ते शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. नुसतं विष, जंतूंशिवाय, गिनीपिगच्या कातडीत टोचलं तर तशीच जखम झाली. उलट, ज्या जंतूंची विष बनवायची सोय मोडली होती त्यांनी तशी जखम केली नाही. गुन्हेगार कोण, याची शंका उरली नाही. या विषाचा नुस्खा जंतूच्या मुख्य डीएनएवर नसतो. डीएनएचं एक वेगळं छोटं कडं असतं, प्लाझ्मिड म्हणतात त्याला, साधारण 1,74,000 अक्षरांचं, त्यावर तो असतो. याचे पूर्वज पाण्यात राहणाऱ्या आणि माशांना रोग देणाऱ्या एका जंतूच्या जवळचे होते. हे कडं पदरात पडलं आणि जंतूचा स्वभाव पालटला.

आता हे विष पेशीत जाऊन करतं काय? पेशी जी प्रथिनं बनवते त्यातली बरीचशी तिला पृष्ठभागावर लावायची असतात किंवा बाहेर पाठवायची असतात. त्यासाठी आतल्या एका जाळीदार कप्प्यात शिरावं लागतं आणि त्या कप्प्याला एक दार आहे, सेक61 नावाचं. मायकोलॅक्टोन नेमकं त्या दारात जाऊन अडकतं. संत्र्याच्या हंगामात कळमना मार्केटचं गेट बंद पडलंय असं समजा. काटोल-वरुडहून भरलेल्या गाड्या येताहेत, माल चांगला आहे, पण आत जाता येत नाही. बाहेर उभा राहून माल खराब होतो आणि शेवटी फेकावा लागतो. पेशीतही तसंच होतं: प्रथिनं बनतात, दारातून शिरत नाहीत आणि पेशीच त्यांची विल्हेवाट लावून टाकते. हे दाराचं कोडं 2014 ते 2016 च्या आसपास इंग्लंड आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी सोडवलं. त्याआधी निदान होत होतं, उपचार होत होते, पण विष नेमकं कुठे बसतं ते कोणाला सांगता येत नव्हतं.

दार बंद झाल्याचे परिणाम पाहा. जंतू दिसला की शरीराच्या रक्षक पेशी रासायनिक निरोप बाहेर सोडतात, 'इकडे या, मारामारी आहे'. हे निरोप म्हणजे प्रथिनंच. ते बाहेर पडत नाहीत. म्हणून सूज नाही, ताप नाही, पू नाही. तुमच्या मुलाला सुरुवातीला जे 'काहीच नाही' वाटत होतं, ते रोग सौम्य असल्यामुळे वाटत नव्हतं. त्याची फौज मुकी केली होती. दुसरीकडे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, ते रक्ताला उगाच गोठू देत नाही. तेही याच दारातून जातं. ते कमी पडलं की बारीक वाहिन्यांपाशी रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचे थर साचतात, आजूबाजूच्या पेशींना रक्त पोचत नाही, आणि तशाही विषाने घायकुतीला आलेल्या पेशी मरतात. चरबीचा थर तर पार मरतो.

म्हणूनच ही जखम वरून दिसते त्याहून आत मोठी असते. ड्रेसिंग करणारी नर्स निर्जंतुक कापसाची काडी कडेखाली सरकवते तेव्हा ती सहज आत जाते. कातडी वर छपरासारखी उभी, खालचं सगळं पोखरलेलं, तळाशी पांढरट-पिवळट मेलेला थर. मुलाने फोटो पाठवला असेल तर त्यात फक्त तोंड दिसतं. त्यामुळे 'जखम वाढली' असं तुम्हाला वाटतं तेव्हा पुष्कळदा आत आधीच मेलेला भाग वरची कातडी गळून उघडा पडलेला असतो.

आणि न दुखण्याचं काय? फ्रान्समधल्याच एका गटाने 2014 मध्ये उंदरांवर दाखवलं, की मायकोलॅक्टोन नसांच्या पेशींवरच्या (मज्जापेशींवरच्या) एका रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन धरतं; ही जागा अँजिओटेन्सिन या रक्तदाबाशी संबंधित रसायनाची, दुसऱ्या प्रकारची. त्यातून पोटॅशियम बाहेर जायचे मार्ग उघडतात, मज्जापेशी शांत पडते, दुखण्याचा संदेश निघतच नाही. ताई, अँजिओटेन्सिन हा शब्द तुमच्या घरात आहेच, तुमची टेल्मिसार्टन त्याच्या पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरवर काम करते. तुमच्या गोळीचा मुलाच्या जखमेशी काही संबंध नाही, नावाची ओळख पटावी म्हणून सांगितलं. विष फार दिवस साचून राहिलं तर नसांच्या तंतूंना इजाही होते, पण तुमच्या मुलाचं निदान वेळेत झालंय.

म्हणजे बघा, विष दोन गोष्टी गप्प करतं: दुखणं आणि फौज. आता गोळ्या सहा आठवडे चालू आहेत. जंतू मरताहेत, नवीन विष बनत नाही, जुनं ओसरतंय. मग काय होणार? फौज जागी होते आणि इतके महिने न दिसलेल्या मेलेल्या जंतूंवर, मेलेल्या चरबीवर तुटून पडते. सूज येते, पाणी सुटतं, जखम मोठी दिसते, आणि आता दुखतंसुद्धा. याला तिथले डॉक्टर 'पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन' म्हणतील. ऑस्ट्रेलियात उपचार घेणाऱ्या साधारण पाचातल्या एकाला ही येते. काही आठवड्यांनी येते, कधी गोळ्या संपल्यावरही येते. तिथले डॉक्टर यात मुरलेले आहेत. ते तपासून ठरवतील की नुसतं थांबायचं, थोडे दिवस स्टिरॉइड द्यायचं, का मेलेला भाग काढायचा. तुमच्या पत्रावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. पण वाटणं वेगळं आणि पायावर हात ठेवून सांगणं वेगळं, म्हणून सुरुवातीलाच फोनचं लिहिलं.

या काळात घरचे वडीलधारे हमखास म्हणतात, औषध बदला. नेमकी तीच वेळ औषध न सोडण्याची असते. रिफाम्पिसिन अर्धवट सोडलं तर जंतू त्याला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. इथून दुसऱ्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या कुरिअर करू नका. त्याला दुसरी गोळी बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असेल, तिचं इतर औषधांशी वाकडं येतं. दारू नको. लघवी नारिंगी झाली तर घाबरायचं नाही, रिफाम्पिसिनने होतेच, घाम आणि अश्रूही रंगतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर चष्म्यावर यावं, त्या कायमच्या डागाळतात. पण डोळे पिवळे दिसले, मळमळून जेवण जाईनासं झालं, तर लिव्हरची तपासणी लगेच.

आठ आठवड्यांत गोळ्या संपतात, जखम भरायला मात्र महिने लागतात. हे माहीत नसल्यामुळे आयांचा जीव टांगणीला लागतो. जंतू मारणं गोळीचं काम, मांस भरून येणं शरीराचं काम, आणि शरीर आपल्या चालीने चालतं. रोज व्हिडिओ कॉलवर पट्टी सोडायला लावू नका. आठवड्यातून एकदा, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात फोटो. त्यानेच काय ते कळेल. घोटा मात्र हलता ठेवायला हवा. सांध्याजवळची जखम आखडत भरते आणि मग पाऊल वाकत नाही. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिला का, हे विचारा. हा प्रश्न पेशंट विचारत नाहीत आणि घाईत डॉक्टरही विसरतात.

शेकाचं गमतीदार आहे. तुमची शंका शास्त्राला धरून आहे. हा जंतू 29 ते 33 अंशांत खूश असतो, शरीराच्या आतली ऊब त्याला मानवत नाही, म्हणून तो हातापायांच्या कातडीत राहतो, पोटात-छातीत उतरत नाही. कॅमेरूनमध्ये डॉक्टरांनी ठरावीक तापमान धरून ठेवणाऱ्या पिशव्या बांधून, 40 अंशांच्या आसपास, काही रुग्ण बरेही केले. पण ते मोजून-मापून. अर्धवट बधिर कातडीवर तुम्ही गरम पाण्याची पिशवी ठेवाल तर भाजेल आणि त्याला कळणारही नाही. दिरांना सांगा, नागपूरच्या उन्हाने संत्र्याची बर्फी वितळते, बुरुली नाही. बाहेर 45 अंश असले तरी घाम कातडीला थंड ठेवतोच. हळद पोटात जाऊ द्या, जखमेवर नको. शेण, राख, पाल्याचा रस, काहीही नको.

टीटी त्याचं राहिलं असेल तर घ्यावं, कोणत्याही उघड्या जखमेला घेतात तसं. पण ते बुरुलीवर चालणार नाही. धनुर्वाताचं विष प्रथिन आहे, ते निष्प्रभ करून टोचलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयारी करतं. मायकोलॅक्टोन हा लहानसा, स्निग्ध जातीचा रेणू. शरीर त्याची नीट दखलच घेत नाही. म्हणून यावर तशी लस करणं अवघड होऊन बसलंय.

त्याला हे लागलं कुठून? मेलबर्नच्या दक्षिणेला मॉर्निंग्टन द्वीपकल्प आहे, सुट्टीत लोक तिथे लोटतात. त्या भागात आणि आसपास हा आजार वर्षानुवर्षं आहे. व्हिक्टोरिया राज्यात काही वर्षांत तीनशेच्या वर रुग्ण निघाले. तिथे झाडांवर पॉसम नावाचा प्राणी असतो, त्याच्या विष्ठेत हा जंतू सापडतो. डास तो माणसापर्यंत आणतात, याचा बळकट पुरावा 2024 मध्ये तिथल्याच संशोधकांनी मांडला. चावल्यापासून गाठ येईपर्यंत साधारण चार-पाच महिने जातात. जानेवारीची सहल, जूनची गाठ. तुमचा हिशोब बरोबर जुळतो.

आफ्रिकेत मात्र तो संथ नद्या, दलदल यांच्या काठाने दिसतो आणि नेमका कसा शिरतो ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. युगांडात अल्बर्ट कुक या डॉक्टरने 1897 मध्ये अशा जखमांची नोंद केली. जंतू ओळखला गेला तो 1948 मध्ये, ऑस्ट्रेलियात. नाव पडलं पुन्हा युगांडाच्या बुरुली भागावरून. जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्ये यासाठी खास कार्यक्रम सुरू केला. तीसहून जास्त देशांत हा सापडलाय, पण सर्वाधिक भोगलं ते घाना, बेनिन, आयव्हरी कोस्टच्या खेड्यांनी. तिथे रुग्णांमध्ये पंधरा वर्षांखालची मुलंच जवळपास निम्मी. दुखत नाही म्हणून पोर खेळत राहतं, दवाखाना लांब, पैसे नाहीत, आणि येतं तेव्हा अख्खी मांडी उघडी पडलेली. 2004 नंतर गोळ्या-इंजेक्शनची उपचारपद्धत रुळली. त्याआधी कापून काढणं हाच मुख्य उपाय होता. तुमच्या मुलाला जखमेतल्या कापसाच्या काडीवरून पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए ओळखणारी चाचणी, करून निदान मिळालं, हे त्या पोरांच्या तुलनेत त्याचं मोठं नशीब. ज्या रोगाचे पेशंट श्रीमंत नसतात त्याला 'दुर्लक्षित' म्हणायची पद्धत आहे. दुर्लक्ष कोणी केलं ते त्या नावात येत नाही.

ही जखम माणसाकडून माणसाला लागत नाही, असंच आजवर दिसलंय. जावेच्या नातीला त्याने खुशाल कडेवर घ्यावं. ताट, टॉवेल, चादर काही वेगळं नको. पट्टी झाकलेली असावी, ड्रेसिंगनंतर हात साबणाने धुवावेत, एवढं कुठल्याही जखमेला करतो ते पुरे. घरातल्या डासांनाही घाबरायला नको, भारत काही या रोगाच्या नेहमीच्या देशांत मोडत नाही.

याच कारणाने इथल्या वाचकांनी हे वाचून आपल्या पायाच्या जखमेला बुरुली ठरवू नये. नागपुरात न दुखणारी पायाची जखम दिसली तर मी आधी साखर तपासते. मग कुष्ठरोग, कातडीचा टीबी आणि बाकीचं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत जा, पण जा. 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे वाक्य मी इतक्या सडलेल्या पायांशेजारी ऐकलंय की आता माझा आवाज चढतो.

राहिलं लग्नाचं. सध्या बायोडाटा पाठवणं चालू ठेवायला हरकत नाही, फोटोत काही घोटा येत नाही. पण बोलणं पुढे गेलं तर सांगायचं, आणि ते तुम्ही नाही, मुलाने मुलीला सांगायचं: अशी जखम झाली होती, डासाने होते, आनुवंशिक नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही, गोळ्यांनी बरी झाली, वण राहिलाय. दोन मिनिटांचं काम आहे. लपवाल तर नंतर वण बघून कोणीतरी वहिनींसारखं निदान करेल आणि मग ते खोडायला वर्ष जाईल. मुलीकडच्यांना कागद हवा असेल तर उपचार संपल्याचं पत्र तिथलं क्लिनिक देतं, ते त्याने आत्ताच मागून ठेवावं.

दिवाळीच्या प्रवासाआधी मात्र तिथल्या डॉक्टरांची परवानगी लागेल. लांबच्या विमानप्रवासात पाय सुजतो, जखम आणखी पाझरते. ते हो म्हणाले तर ड्रेसिंगचं सामान तिथूनच पुरेसं घेऊन ये म्हणावं, आणि उपचाराचा कागद चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या बॅगेत ठेव म्हणावं.